पुलावर थांबलेली बस

बावीस वर्षं त्यांनी शहर बस चालवली, पण त्यांच्या हातून कुणाला साधं खरचटलंही नाही. डेपोत सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. एका सकाळी भर पुलावर मास्तरांचे हात बधिर झाले, छाती आवळली. बस मधोमध थांबवून ते उतरले आणि कठडा धरून उभे राहिले. मागे हॉर्नचा नुसता गदारोळ.

दवाखान्यात तपासलं तर हृदय ठणठणीत निघालं. डॉक्टर म्हणाले, "भीतीचा झटका आहे. समुपदेशकाकडे जा."

मास्तर गेले नाहीत. त्यांनी रजा टाकली, पण घरी चकार शब्द काढला नाही. रोज गणवेश चढवायचा, डबा उचलायचा आणि वाचनालयात जाऊन बसायचं. विसाव्या दिवशी त्यांच्या बायकोला रस्त्यात कंडक्टर भेटला. "वहिनी, मास्तर कधी येणार कामावर?"

घरी तिचा एकच प्रश्न होता, "कोण आहे ती?" शेवटी मास्तर तिला डॉक्टरांनी सुचवलेल्या समुपदेशक बाईंकडे घेऊन गेले.

तिथेही ती कडाडली, "मी मशीनवर कपडे शिवून पाठ मोडून घेते आणि हे मला वेड्यात काढतात! आता बोला ना!"

मास्तरांनी तोंड उघडलं, पण श्वासच पुरेना. चेहरा पांढरा पडला, बोटं खुर्चीत रुतली.

"अहो! बाई, काहीतरी करा, जातील हे!"

"काही होणार नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण त्यांना आत्ता अगदी तसंच वाटतंय. हात धरा त्यांचा. मास्तर, श्वास हळूहळू सोडा."

घामाने चिंब झालेला तो हात तिने दहा मिनिटं सोडला नाही.

"तू घाबरट म्हणशील असं वाटलं," मास्तर पुटपुटले.

"म्हटलंच असतं. चार दिवस बोलणीही खाल्ली असतीत. पण मला असं संशयात जाळलं नसतंत."

चार महिन्यांनी मास्तरांनी रिकामी बस पुलावरून नेली. शेजारी डेपोचे साहेब बसले होते. दोनदा थांबावं लागलं. आता ते पूल नसलेल्या मार्गावर गाडी चालवतात. संध्याकाळी बायको विचारते, "आज कसं होतं?" कधी ते "वाईट" म्हणतात, मग ती मशीन थांबवून ऐकते.

खोटेपणा मात्र तिने अजून माफ केलेला नाही. बाईंसमोर तिने तसं तोंडावर सांगितलं, आणि पुढच्या गुरुवारची वेळही तिनेच मागून घेतली.