मी मांकी

उजव्या हाताने डाव्या हाताची रिकामी जागा दाखवायची आणि म्हणायचं, "मांका." परदेशात, पॉइंट कुकला आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याची ओळख मला अशी झाली. दोन बोटं लाकूड कापायच्या यंत्रात गेलेली.

तो इटलीचा सुतार, मी कराडचा गवंडी. माझी शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी दोघांचंही मोडकंच. त्याच्या कुंपणाचा खांब कलला होता. मी दाखवला. त्याने मानलं नाही, मीही सोडलं नाही. तिथून मैत्री जमली.

मी मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेलो, आणि लॉकडाऊन लागला. विमानं बंद. आमची ही कराडला एकटी. म्हाताऱ्याची बायको वृद्धाश्रमात, तिथेही भेटी बंद. रोज चार वाजता तो त्याच्या लिंबोणीखाली फोन धरून बसायचा आणि शेवटी म्हणायचा, "मी मांकी."

मी सुनेला म्हणालो, "बघ, बायकोला मराठीत सांगतोय, मी मंकी."

"बाबा, काहीतरीच. थांबा, विचारते."

तिने कुंपणावरून विचारलं. गावच्या पाद्र्याने त्याला थोडं लॅटिन शिकवलेलं. तो म्हणाला, जुना शब्द मांकुस, म्हणजे हाताने थोटा. त्यावरून मांकारे, उणं असणं. चहात साखर मांका, हाताला बोटं मांका. आणि मी मांकी म्हणजे तू मला उणी आहेस.

"म्हणजे आय मिस यू, बाबा."

"नाही," मी म्हणालो. "तू नाहीस तर मी थोटा, असं म्हणतोय तो."

म्हाताऱ्याने मला विचारलं, "युवर वाइफ? मांका?"

"नो, नो. फोन आहे की."

त्याने नुसता तो थोटा हात वर केला. तुम्हालाही असा कुणी भेटला असेल, न बोलता खोटं पकडणारा.

थंडीत त्याला अँब्युलन्सने नेलं. तो परत आला नाही. लिंबं गवतात पडून राहिली. खांब अजून कललेलाच आहे. मला दहा मिनिटांचं काम, पण हात लावला नाही.

एका दुपारी हिला फोन केला. जेवण, औषध, सगळं बोलून झालं. ठेवताना म्हणालो, "मी मांकी."

"ते तर पहिल्यापासून आहात," ही म्हणाली. अर्थ मी सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी बोलणं संपलं तरी ही फोन ठेवेना.

"अहो, कालचं ते माकडाचं म्हणा की पुन्हा."