वरून चपटी आलेली कडी

रशीद गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या आमच्या क्लासमध्ये फळ्यापाशी उभा होतो. फोन नांदेडहून, त्याच्या मेव्हण्याचा. हृदयाचा झटका आला, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी खडू खाली ठेवला आणि मनात पहिला विचार आला तो असा, की उद्याचा त्याचा प्रकाशावरचा तास आता कोण घेणार... या विचाराची लाज अजून जात नाही.

नांदेडला आम्ही दोघं एकाच प्रयोगशाळेत संशोधन करायचो. त्याचा विषय सांगायला सोपा, करायला महाकठीण. काचेच्या छोट्या डबीत लाल रंगाचं द्रावण भरायचं आणि त्यातून लेझरची हिरवी रेघ सोडायची. द्रावण प्रकाश शोषून तापतं, तापलेला भाग विरळ होतो आणि स्वतःच भिंगासारखा वागू लागतो. मग पलीकडच्या भिंतीवर नुसता ठिपका न पडता एकात एक कडी उमटतात. हे सांगताना रशीद असा खुलायचा, की चहा निवला तरी त्याला पत्ता नसायचा. मी त्याची टिंगल करायचो, पण त्याचा हेवाही वाटायचा.

त्याची कडी मात्र वरून चपटी यायची. नुकताच भूकंप झाला होता, आणि त्या दिवसांत आमच्याकडे मांडणीवरचं भांडं वाजलं तरी माणसं अंगणात पळायची. आम्हीही दोष जमिनीलाच दिला. टेबलाखाली वाळूची पोती रचली, मग स्कूटरच्या ट्यूब फुगवून घातल्या. कडी चपटीच राहिली. रशीदनं कितीतरी चांगली मापं धक्क्यांनी बिघडली म्हणून बाजूला टाकली.

निलंग्याकडचं माझं घर भूकंपात पडलं होतं. आईवडील पत्र्याच्या शेडमध्ये असताना मला संशोधन सुचेना, म्हणून मी लातूरला क्लास काढला. रशीद रविवारी एसटीनं शिकवायला यायचा, केवळ माझ्यासाठी. पुढे लातूरभर क्लासचं पेव फुटलं, पोरं त्याच्या तासाला जीव टाकू लागली आणि त्याचा अर्धा आठवडा इकडेच जाऊ लागला.

अशात एकदा त्याचा फोन आला. आवाज चढलेला होता.

"आरं, धक्के न्हाईतच ते. तापलेलं द्रावण वर चढून राहिलंय, म्हणून वरचा भाग दबतोय. लेझर उभा करून खालून वर सोडला की कडी गोल येतील बघ."

त्याला वर्षभर सुट्टी हवी होती. प्रयोग पुन्हा करून प्रबंध पुरा करायचा होता. मी म्हणालो, या बॅचची परीक्षा तेवढी होऊ दे. तो म्हणाला, "हाव, होऊ दे."

पुढच्या वर्षी मी तेच म्हणालो, त्याच्या पुढच्या वर्षीही. तो दर वेळी हाव म्हणाला. त्यानं एकदा तरी भांडायला हवं होतं... बघा, आताही मी त्याच्यावरच ढकलतोय. दरम्यान दुसऱ्या कुणीतरी तेच संशोधन छापलं. त्यानं मला ते अगदी सहज सांगितलं आणि तासावर गेला.

चाळिसाव्याला मी नांदेडला गेलो. जेवणं झाल्यावर रशीदच्या बायकोनं, नसरीनभाभींनी, मला आतल्या खोलीत नेलं. भोक पाडलेल्या स्टुलाखाली एक साधा लेझर उभा बांधलेला होता आणि वर द्रावणाची डबी. भाभींनी बटण दाबलं. छतावर आधी ठिपका दिसला, मग तो हळूहळू उलगडला. कडी चहूकडून गोल होती. लातूरहून आले की खाटेवर पडून हेच बघायचे, असं भाभी म्हणाल्या. मला मान खाली घालता येईना आणि वरही बघवेना.

"भाईसाब," त्यांनी विचारलं, "तुमच्या पोरांची परीक्षा झाली का? झाली की लिहायला बसतो, म्हणले होते."

झाली, म्हणालो. सोमवारी नवी बॅच सुरू होतेय, हे मला सांगता आलं नाही.