अक्षय्य तृतीयेच्या पावत्या

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला सांगितलं नाही, आणि ज्या भावामुळे हे घडलं — नाही, चुकले, भावामुळे नाही, माझ्यामुळेच घडलं — त्यालाही अर्धंच ठाऊक आहे. मग तुम्हालाच का सांगतेय? खरं सांगू? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ आपोआप साखर पेरायला लागते, आणि ह्या गोष्टीवर साखर पेरलेली मला आता सहन होत नाही.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. मी मुरबाडच्या एका पतसंस्थेत हिशेबनीस होते. संस्थेचं नाव सांगत नाही, ती केव्हाच बंद पडली. माझं माहेर शहापूर, सासर मुरबाड. बी.कॉम. झालेली सून, बोलायला फटकळ, अक्षर मोत्यासारखं. गावात मला सगळे वंदनाताई म्हणत. पावती माझ्या अक्षरातली असली की लोक ती घडी करून ठेवून देत, परत वाचतसुद्धा नसत. मला त्याचा केवढा अभिमान वाटायचा! आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पतसंस्था म्हणजे काय असतं हो शेवटी? चार लोकांचे पैसे घ्यायचे, दुसऱ्या चार लोकांना द्यायचे, मधल्या व्याजावर पगार आणि विजेचं बिल भागवायचं. पैसे ठेवणारा विचारतो, परत कधी देणार? पैसे नेणाऱ्याला आपण विचारतो, परत कधी देणार? ह्या दोन 'कधी'ची गाठ घालायची, एवढंच काम. ती गाठ बसली तर संस्था चालते. नाही बसली तर कागदावर तुम्ही कितीही श्रीमंत असा, खिडकीवर उभ्या माणसाला द्यायला पैसे नसतात.

त्यासाठी दर महिन्याला मी एक तक्ता करायची. डावीकडे, येत्या तीन महिन्यांत कर्जाचे किती पैसे परत येणार, वर्षभरात किती, त्यापुढे किती. उजवीकडे, तेवढ्याच काळात ठेवीदारांना किती द्यावे लागणार. दोन्ही बाजू साधारण जुळल्या पाहिजेत. कळायला काही कठीण आहे का ह्यात? चौथीतल्या पोराला कळेल! पण आमच्या संचालक मंडळातल्या एकाही शहाण्याने तो तक्ता कधी नीट वाचला नाही. सही कुठे करायची, एवढंच विचारायचे. मी तळमळून सांगायची आणि ते भजी खायचे.

आता माझा शहाणपणा ऐका. त्या काळात आमच्या भागात मुंबईची माणसं फार्महाऊससाठी जमिनी घेत सुटली होती. ज्यांनी आयुष्यात एकरकमी पैसा पाहिला नव्हता त्यांच्याकडे पिशव्या भरून नोटा आल्या. हा पैसा आपल्याकडे यावा म्हणून मीच योजना सुचवली. अक्षय्य तृतीयेला वर्षाची ठेव ठेवा, स्टीलचा डबा भेट. त्या दिवशी ठेवलेलं अक्षय राहतं, कमी होत नाही, अशी लोकांची श्रद्धा. दारापासून एसटी स्टँडपर्यंत रांग लागली. अध्यक्षांनी माझा सत्कार केला, शाल-नारळ देऊन. आणि हिशेबनीस असून माझ्या डोक्यात आलं नाही — कप्पाळ माझं! — की सगळ्यांचा मुहूर्त एक म्हणजे सगळ्यांची मुदतही एकच. पुढच्या वैशाखात, एकाच आठवड्यात, सगळे दारात.

आणि वैशाख म्हणजे आमच्याकडे पैसा बाहेर जायचा महिना. लग्नं, हळदीची जेवणावळ, घर शाकारणं, बियाणं, पोरांच्या शाळा. पैसा येतो तो दिवाळीनंतर, भात विकल्यावर. आणि आम्ही ते वर्षाच्या बोलीचे पैसे दिले होते कुणाला? डंपर घेणाऱ्यांना, कोंबड्यांच्या शेडवाल्यांना, खडीच्या क्रशरला. सात-सात वर्षांच्या हप्त्यांवर! वर्षाने परत द्यायचे पैसे सात वर्षांनी येणार. मी अध्यक्षांना सांगितलं तर म्हणाले, "तुमी उगाच घाबरता मॅडम. गावचा माणूस पैसं नेतो कुठं? पावती बदलून परत ठेवतो."

दोन वर्षं तसंच झालंही. लोक यायचे, व्याज घ्यायचे, पावती नवीन करून जायचे. डबा मागायचे. तिसऱ्या वर्षी शेजारच्या तालुक्यातली एक पतसंस्था बंद पडली आणि बाजारात कुजबूज सुरू झाली. चैत्रातच लोक विचारायला लागले, "पैसं हायत ना?" मी तक्ता मांडला तर वैशाखाच्या रकान्यात एवढा मोठा खड्डा की मी बेरीज तीनदा करून पाहिली. अध्यक्ष म्हणाले, हा असा तक्ता मंडळापुढे गेला तर दुपारपर्यंत गावभर होईल, तुम्हीच काहीतरी करा. मी काय केलं? डंपरची आणि क्रशरची कर्जं सात वर्षांच्या रकान्यातून उचलून 'एक वर्षाच्या आत' ह्या रकान्यात टाकली. खड्डा भरला. सगळ्यांनी सह्या केल्या.

थांबा — कबुली ही नाही. हे तर मी पुढे झालेल्या चौकशीतही सांगितलं होतं. सांगून उलट शहाणी ठरले. दबावाखाली चूक केली पण खरं बोलली बाई, असं सगळे म्हणाले. मोठी चूक कबूल करून छोटी लपवता येते, हे मला तेव्हा कळलं. आणि ती छोटी मुळीच नव्हती.

टोकावड्याच्या नाक्यावर ताराकाकींची चहाची टपरी होती. माळशेजला जाणाऱ्या एसटी तिथे थांबायच्या. नवरा दम्याने घरी बसलेला, घर ह्यांच्या चहा-वड्यावर चालायचं. रोज संध्याकाळी आमचा पिग्मीवाला त्यांच्याकडून दहा-वीस रुपये न्यायचा, एक दिवस चुकला नाही. ते साठले तेव्हा मीच त्यांना म्हटलं, काकी, आता ह्याची अक्षय्य तृतीयेला ठेव करा. हे पैसे त्यांच्या मुलीसाठी होते. नंदा तिचं नाव. बारावीला बसली होती, तिला नर्स व्हायचं होतं. ठाण्याला एका संस्थेत कोर्स होता, निकाल लागल्याबरोबर फी भरायची होती. टोकावड्यातून नर्स झालेली मुलगी तोवर कुणी पाहिली नव्हती. काकी गिऱ्हाइकांनासुद्धा सांगायच्या.

मुदत संपली त्याच दिवशी काकी आल्या. सकाळी, उघडताउघडताच, टपरी बंद ठेवून. पैसे नेऊन घरात ठेवते म्हणाल्या, "निकाल लागंल तवा धावपळ नको गो ताई." आता नीट ऐका, कारण इथे मला घाई करून पुढे जावंसं वाटतंय. त्या दिवशी तिजोरीत रोकड होती. फार नव्हती, पण काकींची रक्कम देऊन वर उरली असती. मी काय म्हणाले? म्हणाले, काकी, घरात एवढे पैसे कशाला ठेवता? पावती बदलून देते, जूनमध्ये लागतील तेव्हा या, मी मोडून देईन. त्यांनी जुनी पावती हातातच धरून ठेवली. बाजारात काय बोलतात ते त्यांनी ऐकलं होतं, नक्की ऐकलं होतं. पण त्यांनी ते विचारलं नाही. एवढंच विचारलं, "मिळतील ना गो नक्की?"

मी म्हणाले, "मी आहे ना, काकी."

"मग झालं. आमाला काय कळतंय? तू सांगशील तसं."

त्यांनी सही केली. सही शिकल्या होत्या नंदाकडून, एकेक अक्षर सुटं सुटं काढायच्या. मी खिडकीतून हात घालून कागद धरला होता, हलू नये म्हणून. त्या टोकावड्याच्या एसटीला गेल्या आणि मी शहापूरला भावाच्या शेजाऱ्यांकडे फोन केला. दादा, आहेस तसा निघून ये.

दादाची ठेव आमच्याकडेच होती. वडिलांच्या जमिनीचे पैसे, घर बांधायला ठेवलेले. मुदत संपायला आठ महिने बाकी. तो जेवणाच्या वेळेपर्यंत आला. मी त्याला मुदतीआधी सगळी रक्कम दिली. दोघांचं भागलं नसतं, म्हणून सकाळी काकींना परत पाठवलं होतं. अर्जावर कारण लिहिलं, आईचं ऑपरेशन. आई तेव्हा शहापुरात ठणठणीत होती, पापड लाटत होती. दादाने विचारलं, काही भानगड आहे का गं? मी म्हटलं, तू मुकाट्याने नोटा मोज आणि नीघ.

झालं. हेच ते. इतकी वर्षं कुणाला न सांगितलेलं.

जूनच्या आधीच दाराला कागद चिकटला — रोखीच्या अडचणीमुळे व्यवहार तात्पुरते बंद. तात्पुरते! लोकांचे पैसे सुटायला आठ वर्षं लागली. निकाल लागला तेव्हा काकी नंदाला घेऊन आल्या, गुणपत्रिका पिशवीत. चांगले गुण होते. शिव्या द्यायला आल्या असतील, असं मला वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं! उलट काकी मलाच म्हणाल्या, तू तरी काय करशील गो. नंदा भिंतीवरच्या व्याजाच्या दरांचा बोर्ड वाचत उभी राहिली. फी भरायची तारीख गेली. पुढच्या वर्षी घरात काकांचं औषधपाणीच भागेना, मग कोर्सचं नावच निघालं नाही.

सहकार खात्याचे साहेब चौकशीला आले. कुणाला मुदतीआधी दिलं, कुणाला मुदत संपून दिलं नाही, एकेक अर्ज काढून बघत होते. काकींचा कागद हातात आल्यावर विचारलं, ह्यांचं काय? मी ताठ बसून सांगितलं — त्यांनी स्वेच्छेने नूतनीकरण केलं, ही त्यांची सही. दादाच्या अर्जाबद्दल विचारलं तर सांगितलं, आईचं ऑपरेशन होतं. आवाजसुद्धा हलला नाही माझा. साहेबांनी काकींनाही बोलावलं होतं. त्या म्हणाल्या, ताईंनी माझ्या भल्याचंच सांगितलं. ते वाक्य साहेबांनी लिहून घेतलं. अध्यक्ष अडकले, मी सुटले.

तुम्ही म्हणाल, घाबरली होती बिचारी, घरच्यांना वाचवलं, कुणीही असंच केलं असतं. नका म्हणू. मला संताप येतो त्याचा. घाबरलेला माणूस चुकीचं बोलून जातो. मी तर बरोबर हिशेब करून बोलले होते. कोण ओरडेल, कोण ओरडणार नाही, कुणाची ओळख कुठपर्यंत आहे, हे सगळं मी मनात मांडलं होतं. अध्यक्षांच्या साडूची मुदत त्याच आठवड्यात होती, त्याला नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. काकींना म्हणायची होती. त्या माझ्यावर विश्वास ठेवतील हे मला पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच मी त्यांना निवडलं. त्यांचा विश्वास नसता तर त्यांचे पैसे वाचले असते.

काकींना मुद्दल परत मिळालं, तुकड्या-तुकड्यांत, शेवटचा तुकडा आठव्या वर्षी. व्याज नाही. टपरी अजून आहे. मुरबाडहून टोकावड्याला जायला पाऊण तास लागतो, दिवसभर एसटी असते. किती वेळा मी स्टँडपर्यंत गेलेय! बस समोर लागते, माणसं चढतात, मी भाजी घेऊन घरी येते. ह्या पायांचा मला इतका राग येतो, काय सांगू.

आणि मग गेल्या वर्षी नंदाच माझ्या घरी आली. आता ती एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहे. गोळ्यांच्या पाकिटांवर लेबलं लावते. लग्न झालंय, एक मुलगी आहे. थोडे पैसे साठवले होते, कुठे ठेवू विचारायला आली होती. काकींनी तिला बजावलं होतं, वंदनाताईंना विचारल्याशिवाय कुठं ठेवू नको. आता सांगू, आता सांगू — असं म्हणत मी तिला चहा दिला, सरकारी बँकेत ठेव म्हटलं, मुदत कशी बघायची ते समजावलं, फॉर्मही भरून दिला. माझ्या त्याच अक्षरात.

निघताना ती नमस्काराला वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत.