पोस्टकार्डावरचा सर्जन

डॉक्टर निवडताना विद्वत्तेलाच मान द्यावा, असं आमच्या घराचं ठाम मत होतं. परवा रॉकेलचा वास आला आणि साठ-एकसष्टच्या सुमाराची आर्णीतली आमची बैठक आठवली. स्टोव्हच्या भडक्यात ताईचा गळा भाजला होता; जखम भरताना कातडी आखडत गेली आणि हनुवटी छातीकडे ओढली जाऊ लागली. शेजारणी म्हणत, पोर किती खालमानेची. वडिलांनी दोन प्लास्टिक सर्जनना पत्रं लिहिली. मुंबईहून जाड, गुळगुळीत कागद आला. नावापुढच्या पदव्या दुसऱ्या ओळीत उतरल्या होत्या आणि तपासणीची तारीख आठ महिन्यांनंतरची होती. नागपूरहून आलं साधं पोस्टकार्ड. वडिलांचे थोरले भाऊ, आमचे काकाजी, यांनी पदव्या मोठ्याने वाचल्या. मी कॉलेजात होतो, म्हणून उच्चार मी दुरुस्त केले. पोस्टकार्ड कोणी वाचून दाखवलंच नाही. "पोस्टकार्डावर लिवते तो कायचा सर्जन?" काकाजी म्हणाले. ताई जमिनीकडे पाहत म्हणाली, "काकाजी, मले नागपूरच चालते. मले नुसतं वर पाह्यता आलं पाह्यजे." "तुले काय समजते, बाई? एवढा मोठा माणूस हाये तो!" वडिलांनी मुंबईला होकार लिहिला; पाकिटावर पत्ता मी घातला. आठ महिन्यांनी त्या मोठ्या माणसाने ताईची मान हळुवार चाचपली आणि सांगितलं, फार उशीर केलात, आता थोडीच सुटेल. तेवढीच सुटली. गेल्या वर्षी ताई गेली. तिच्या पेटीत ते पोस्टकार्ड होतं. त्यावर लिहिलं होतं, "मुलीला लगेच घेऊन या. आधी कळवण्याची गरज नाही."