तिसऱ्या मजल्याचं बटण

लिफ्टची जुनी बटणं दुरुस्त करायचा नाद मला निवृत्तीनंतर लागला. अकोल्यातल्या एका पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत मी सहायक होते. मुलांनी जाळलेले मीटर आणि तोडलेले स्विच दुरुस्त करण्यात सगळी नोकरी सरली. घरी बसल्यावर हातांना काही सुचेना. तशात जठारपेठेतल्या आमच्या शेजारच्या इमारतीची लिफ्ट बदलली आणि जुन्या बटणांची पट्टी जिन्याखाली पडलेली दिसली. विचारून घरी आणली. बटणं खोलली, पेट्रोलने धुतली, पितळी कड्या चिंचेने घासल्या, आत छोटे दिवे बसवले. ट्रान्सफॉर्मरला जोडून पहिलं बटण दाबलं तेव्हा बारीक 'टक' झालं आणि आकडा पिवळा उजळला. त्या दुपारी मी जेवायचं विसरले.

तशी लिफ्टच्या बटणांची ओळख फार जुनी, दादामुळे झालेली. माझा मोठा भाऊ अमरावतीच्या एका चार मजली दवाखान्यात लिफ्टमन होता. आईवडील गावी, शेंदूरजनाघाटला राहिले, मी शिकायला दादा-वहिनीकडे आले. दुपारी त्याचा डबा घेऊन मी दवाखान्यात जायची. लिफ्टमध्ये पेशंट नसला की दादा स्टुलावरून उठायचा आणि म्हणायचा, "दाब व, कुठी जाचं तुले?" मी चार दाबायची. वर पोचेपर्यंत तो मला डॉक्टरांच्या नकला करून दाखवायचा. मला हसू आवरायचं नाही.

साखरेच्या आजाराने त्याचे डोळे गेले, त्याला आता पाच वर्षं झाली होती. पुढच्या खोलीत बाजेवर बसून तो रेडिओ ऐकायचा. बोलणं फारसं नव्हतं. डोळे गेले म्हणून गप्प झाला असेल, असं मी धरून चालले होते. खरं म्हणजे तो त्याच्या पुष्कळ आधीपासून गप्प होता, पण मी लग्न होऊन अकोल्याला आलेली, माझ्या संसारात. माझ्या ते लक्षात आलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात वहिनीचा फोन आला. "तुमच्या दादाच्या दवाखान्यातली जुनी लिफ्ट काढून राहिले म्हनते."

मी दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीने अमरावतीला गेले. तोवर सगळं सामान इतवारा बाजारामागच्या एका भंगारवाल्याकडे पोचलं होतं. दाढी पांढरी झालेले चाचा सावलीला बसले होते. माझं नीट ऐकून घेतल्यावरही त्यांना पटेना.

"बाई, तांबा ले जाव, पत्रा ले जाव. ये फूटे बटनां का क्या करते?"

"माझा भाऊ चालवायचा ही लिफ्ट. आता दिसत नाही त्याला. हाताला ओळख पटेल."

 ते उठले, पोत्यांच्या ढिगाखालून पट्टी ओढून काढली, खिशातल्या दस्तीने पुसली आणि माझ्या हातात दिली.

घरी आणून महिनाभर मी ती पट्टी घेऊन बसले होते. बाकीची बटणं बरी निघाली, तिसऱ्या मजल्याचं मात्र आरपार भेगाळलेलं होतं. त्यामागचा पत्राही आत दबलेला. गर्दीतले लोक बटणांवर कसे तुटून पडतात ते मला माहीत, म्हणून त्यांनाच मनात चार शिव्या घातल्या. भेग चिकटवून पाहिली, पण मनासारखी झाली नाही. मग जठारपेठेच्या पट्टीतलं त्याच मापाचं पांढरं बटण काढलं, त्यावर तीनचा आकडा कोरला, काळा रंग भरला. पत्रा ठोकून सरळ केला. फुटकं बटण कचऱ्याबरोबर घंटागाडीत गेलं. काम इतकं सफाईचं झालं होतं, की कोणतं बटण नवं ते मलाही शोधावं लागत होतं.

पट्टी लाकडी खोक्यावर बसवून मी ती अमरावतीला नेली आणि दादाच्या मांडीवर ठेवली. "वयख बरं काय हाय हे?" मी म्हटलं.

त्याची बोटं पितळी कड्यांवरून फिरली. एक दाबलं, 'टक' ऐकलं. त्याचा चेहरा सैल झाला. "लिफ्ट हाय व माही," तो म्हणाला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. दादाचं बोट तिसऱ्या बटणावर गेलं आणि तिथेच थांबलं.

"हे तीनचं आपलं नाई."

"फुटलं होतं दादा. मी बदललं."

"पहिलेचं कुठी हाय?"

"टाकून देल्लं. घंटागाडीत."

"अन् मांगचा पत्रा? दबेल होता न थो?"

"ठोकून सरळ केला."

त्याने ते बटण पुन्हा एकदा चाचपलं. मग म्हणाला, "मीच फोडलं होतं थे."

मग त्याने सांगितलं. एका म्हाताऱ्याला ऑपरेशनसाठी तिसऱ्या मजल्यावर न्यायचं होतं. सोबत त्याची मुलगी. दोन आणि तीनच्या मध्ये लाइट गेली. लिफ्टमध्ये पूर्ण अंधार, म्हाताऱ्याचा श्वास अडकलेला, मुलगी दारावर थापा मारून ओरडत होती.

"लाइट नसली तं बटन दाबून काई होत नाई, हे मले मालूम होतं," दादा सांगत होता. "तरी दाबत होतो. मंग बुक्क्या मारल्या. मारतच रायलो. पन थे दार वाजवून राहिली होती, तिले कायचं ऐकू येते? मले म्हने, तुमी नुस्ते उभे काऊन राहिले?"

वर मशीनच्या खोलीत माणसांनी हाताने चाक फिरवून लिफ्ट मजल्याला आणली, तोवर म्हातारा गेला होता. दवाखान्याने चौकशी केली, दादाची काही चूक निघाली नाही. पण ती मुलगी भेटेल त्याला सांगत होती, लिफ्टमन नुसता उभा होता म्हणून.

"म्हनून हात सुजला होता तुमचा?" वहिनी दारातून म्हणाली. "मी आंबेहळद लावली. सायकलवरून पडलो म्हने तुमी मले."

मी तेव्हा त्याच घरात होते. माझी परीक्षा होती. 'उद्यापासून डबा आनू नको' असं त्याने मला सांगितलेलं आठवतं. त्याला माझी लाज वाटते असं समजून मी कितीतरी दिवस रुसून होते.

"दादा, त्या मुलीला दाखवायचं होतं का ते बटण?" मी विचारलं.

"तिले कुठी शोधतो आता? मीच बोट लावून पाहत जाव, ड्यूटीवर बसलो का. भेग हाय न, म्हनजे मारल्या होत्या आपन बुक्क्या." तो थांबला. "आता कधी कधी वाटते, खरंच नुस्ता उभा होतो का काय."

मी त्याला सांगितलं की लाइट नसताना कोणीच काही करू शकलं नसतं. तो "हो" म्हणाला. वहिनीनेही हाताच्या सुजेची पुन्हा आठवण करून दिली. त्यालाही तो "हो" म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. परतीच्या गाडीत खोकं माझ्या मांडीवर होतं. वाटेतलं मूर्तिजापूर कधी गेलं ते कळलं नाही.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी जात राहिले. एकदोनदा मी तो विषय काढला, पण दादा रेडिओचे सेल बदलायचे का विचारायचा. दुरुस्तीला जुनी बटणं घरी आणणं मी सोडलेलं नाही, कारण दुपारी हातांना दुसरं काही करता येत नाही.

थंडीत दादा गेला. दहाव्याला बरेच लोक आले, त्यात दवाखान्यातला कोणी नव्हता. अंगणात बसून एक शेजारी म्हणाले, "लय शांत मानूस. पहिलेपासूनच तसा."

"पहिलेपासून नव्हता," मी म्हटलं. मग त्यांना चहा दिला.