सावलीत वाळवावे

जूनमधल्या एका सोमवारी मी तासगाव सोडलं. आईने बेदाण्याच्या कामावर खाडा केला आणि स्टँडवर आली. पाचगणीच्या एका निवासी शाळेत मला ग्रंथपालाची नोकरी लागली होती. एसटी सुटताना आई म्हणाली, "तिथं थंडी लय आसती म्हणं. पाठवते कायतरी."

पाचगणीत धुकं खिडकीतून आत येतं आणि पुस्तकांची पानं सादळतात. मुलं मला मॅम म्हणतात. दोन महिन्यांत मी फोनवर आईला 'व्हय' ऐवजी 'हो' म्हणू लागले. तिच्या ते लक्षात आलं असणार.

फेब्रुवारीत पार्सल आलं. मरून रंगाचा स्वेटर. बेदाण्याच्या शेडवर दुपारी बायकांना थोडी उसंत मिळते, तेवढ्या वेळात तिने तो विणला होता. मी तो घालून लायब्ररीत गेले. अंगाची ऊब लागली तसा वास सुटला. बेदाण्याला रंग धरावा म्हणून गंधकाची धुरी देतात, तिचा वास, आणि त्याखाली द्राक्षं वाळवण्याआधी बुडवायच्या तेलाचा. सातवीतल्या एका मुलीने नाक धरून विचारलं, "मॅम, काहीतरी जळतंय का?" सगळी हसली. मीही हसले. मग स्टाफरूममध्ये जाऊन स्वेटर काढला आणि पिशवीत कोंबला.

आईचा फोन साधा, बोलण्यापुरता. म्हणून मी लोकरीचा वास घालवायची रीत एका पुस्तकातून कागदावर उतरवून काढली: वीण उसवावी. लोकरीच्या लडी सैल बांधाव्यात. कोमट पाण्यात थोडे व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवाव्यात. पिळू नयेत. उन्हात टाकू नयेत. सावलीत, वाऱ्यावर, पसरून वाळवाव्यात. खाली माझ्याकडून एक ओळ लिहिली: आई, हे नीट वाच, इथे लोक नाक मुरडतात. स्वेटर आणि कागद एकाच पार्सलने परत पाठवले.

पाच आठवड्यांनी स्वेटर आला, पुन्हा पहिल्यापासून विणलेला. रंग जागोजागी उडाला होता आणि वास पहिल्यापेक्षा जास्त होता.

मी फोन केला. "आई, कागद वाचलास तरी का?"

"वाचला की बाय. सावलीतच वाळवलंय. उनाचं तोंडबी दावलं न्हाई."

"खोटं कशाला बोलतेस? राहू दे आता. मी विकतचा घेतलाय."

ती म्हणाली, "बरं."

त्यानंतर रविवारचे फोन झाले, पण स्वेटरचं नाव दोघींनीही काढलं नाही. एप्रिलमध्ये आई शेडवर बेदाणा निवडता निवडता कोसळली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी तासगावच्या घरी शेडवरच्या बायका आल्या. त्यातल्या शालनमावशी आईच्या शेजारी बसून काम करायच्या. त्या म्हणाल्या, "तुजं बारीक अक्षर हिला लागंना, म्हणून मीच वाचून दावलं सगळ्यांम्होरं. लय हसलो गं आमी. म्हटलं, लेक पाचगणीला गेली, आता लोकरबी सायबावानी अंघोळ करणार! व्हिनेगर चायनीजच्या गाड्यावरनं मागून आणलं हिनं."

"आणि वाळवलं कुठे?" मी विचारलं.

"शेडमधी. सावली, वारं, पसरून वाळवायचं, हे आमाला काय नवं हाय व्हय? द्राक्षं वाळवायच्या जाळीवर मोकळी जागा हुती, तिथं लडी पसरल्या. तीन दिस हुत्या."

त्या तीन दिवसांत तिथे धुरी दिली होती. रंग उन्हाने नाही, त्या गंधकानेच उडाला होता.

"मागनं हिनं प्रत्येकीच्या नाकाला लोकर लावली," शालनमावशी म्हणाल्या. "येतो का वास, येतो का वास. आमी म्हटलं, न्हाई. खरंच येत न्हवता गं."

त्या खोटं बोलत नव्हत्या. मी त्याच वासात शाळा-कॉलेज शिकले. दप्तराला वास होता, डब्याला होता, आणि मला तो कधी आला नव्हता.

स्वेटर मी पाचगणीहून येताना सोबत आणला होता. पहिले काही दिवस पिशवी उघडली तरी वासाचा भपका यायचा. दहाव्या दिवशी मी तो नाकाशी धरला. वास येईना. तेराव्यानंतर पाचगणीला परत आले, आणि चौथ्या दिवशी वास पुन्हा यायला लागला. मग मी तो न उसवता, कागदावर लिहिलं होतं तसाच, दोनदा धुतला आणि इथल्या व्हरांड्यात सावलीला पसरला. वास गेला.

शेडवरच्या बायकांना आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या मुलींना हे कळावं म्हणून लिहिलं. ज्या जागेचा वास मला येत नव्हता, ती माझं घर होती. आता पाचगणीच्या ओलीचाही वास मला येत नाही. तासगावची भाड्याची खोली मी सोडली. तिथे आता दुसरं कुटुंब राहतं.

थंडीत मी तो स्वेटर रोज घालते. मुलं काही म्हणत नाहीत. आईने तो माझ्या अंगावर एकदाही पाहिला नाही.