गोल कोपऱ्याचा कागद

मलकापुरात हायवेच्या सर्व्हिस रोडला माझं दुकान आहे. पाटीवर लिहिलंय: झेरॉक्स, प्रिंट, लॅमिनेशन, सर्व ऑनलाइन फॉर्म. रंगाऱ्यानं घाईत एकच हात मारल्यामुळं खालची जुनी अक्षरं अजून डोकावतात. तिथं माझे सासरे पत्र्याच्या ट्रंका बनवायचे. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत, आणि प्रत्येकाची काळी ट्रंक, वर पांढऱ्या रंगात नाव नि नंबर, आमच्याच दुकानातली. सासऱ्यांचा एक हट्ट होता. ट्रंकेचा कोपरा ते ठोकून ठोकून गोल करायचे. म्हणायचे, "मानूस घाईत ट्रंक वडतो, हाताला लागता कामा न्हाई." ते गेले, ट्रंकांचा धंदा बसला, मी कॉम्प्युटर आणला. कोपऱ्यांचं तेवढं मात्र ठेवलं. लॅमिनेशन केलेल्या कागदाचे चारी कोपरे मी कात्रीनं गोल कापते. सातारा-सांगलीत दुसरं कुणी हे करत असेल तर मला दाखवा.

आणि लॅमिनेशन म्हणजे काय, हे आमच्याकडं येऊन बघावं. माणसं शाळेचा दाखला लॅमिनेट करतात, सातबारा करतात, लग्नाची पत्रिकासुद्धा करतात. एकदा कागद प्लॅस्टिकमध्ये गेला की तो खरा झाला, असा इथला विश्वास आहे. मग त्याच्यावर काय छापलंय, हे कोण वाचतंय!

मी स्वतः शिकले ती चुका करत करत. माझं माहेर लोणंद. बारावी झाल्यावर लगेच लग्न, कॉम्प्युटरला हात लावला तो तिशी उलटल्यावर. सुरुवातीला मला सगळ्या वेबसाइट सारख्याच वाटायच्या. वर नाव, खाली अक्षरं, मध्ये नाचणाऱ्या जाहिराती. हळूहळू कळलं, हा सगळा बाजार आहे, आणि बाजारात जसं प्रत्येकाचं काम वेगळं तसं इथंही. सरकारी पोर्टल म्हणजे तहसील कचेरी. दहा कागद मागणार, फोटो छोटा करून आणा म्हणणार, दुपारी झोपणार, पण शिक्का मिळणार तो तिथंच. कॉलेजची स्वतःची साइट म्हणजे गेटवरचा फलक, इमारत केवढी, फी किती, बघून घ्या. खरेदीची साइट म्हणजे दुकान, ते सांगायला नको, ते सगळ्यांना न शिकवता येतं. आणि भरतीच्या, प्रवेशाच्या बातम्या देणाऱ्या साइट म्हणजे पारावर बसून ओरडून सांगणारा माणूस. "अमक्याचे फॉर्म सुटले हो!" तो सांगतो ते खरं असतं बऱ्याचदा. पण त्याला आपलं नाव सांगितलं म्हणून आपला फॉर्म भरला जात नाही.

हे मी एवढ्या लोकांना शिकवलंय की विचारू नका. बचत गटाच्या बायकांना शिकवलं, शाळेत बोलावलं तिथं मुलींना शिकवलं. ओळखायची माझी एक सोपी रीत आहे. पत्त्याचा शेवट बघा, सरकारी साइट बहुतेक जीओव्ही डॉट इन असते. आणि ती साइट तुमच्याकडून काय मागते नि बदल्यात काय देते ते बघा. नुसता मोबाईल नंबर घेतला आणि "धन्यवाद" म्हणाली तर ती बातमीवाली. कागद मागितले आणि शेवटी अर्ज क्रमांक दिला तर खरी. अर्ज क्रमांक नाही, तर फॉर्म नाही. हे मी इतकं ठासून सांगायचे की बायका म्हणायच्या, "भाभी, तुमास्नी कोन फसवनार न्हाई."

व्हय, मलाही तसंच वाटायचं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रवेशाचे दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. साडेतीनच्या सुमाराला एक रिटायर्ड फौजी आणि त्यांची मुलगी गर्दीतून वाट काढत आत आली. त्यांना मी ओळखत होते. शेजारच्या गावचे, वीस वर्षं फौजेत काढलेली, सगळे त्यांना मेजर म्हणतात, हुद्दा काही का असेना. बायको वारल्यावर या मुलीनंच घर सांभाळलेलं. तिची दोन वर्षं त्यात गेलेली. आता तिला नर्सिंगला जायचं होतं आणि मेजरांनी भावकीला सांगून ठेवलेलं, यंदा नंबर लागला तर पोरगी शिकेल, नाहीतर चुलत्यांनी शिराळ्याचं स्थळ आणलंय तिथं लग्न. शब्द दिलेला. फौजी माणसाचा शब्द, तो फिरत नाही.

मुलीनं मोबाईल पुढं केला.

"भाभी, आज पाचला फॉर्म बंद व्हनार असा मेसेज आलाय. आमी तर भरलाय. मग ह्या साइटवाल्यांनी आमाला परत का सांगितलं?"

मेजरांनी पिशवीतून एक लॅमिनेट केलेला कागद काढून काउंटरवर ठेवला. "म्या सोता भरलाय. तीन आठवडं झालं. देवापाशी ठेवला हुता."

मी वाचला. 'तुमची नोंदणी यशस्वी झाली आहे. प्रवेश व भरतीच्या ताज्या बातम्या तुमच्या मोबाईलवर मिळत राहतील. धन्यवाद.'

या अल्ला! माझं डोकंच फिरलं. भरल्या दुकानात मी त्या माणसावर ओरडले. "मेजर, हा फॉर्म आहे का? ही बातमीची साइट आहे! तुम्ही नुसता मोबाईल नंबर दिलात यांना! अर्ज क्रमांक कुठाय यात? पोरीचं आयुष्य आणि तुम्ही एवढंही वाचलं नाही? आणि हे लॅमिनेट करून देणारा कोण गाढव? डोळे काय भाड्यानं दिले होते त्यानं?"

मेजर ताठ उभे होते, नजर समोरच्या भिंतीवर. मुलगी एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. काही बोलायला तिनं तोंड उघडलं, तशी त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

मग मी बाकी सगळ्यांना बाजूला केलं. "रेशनवाले उद्या या, पॅनवाले उद्या या, आज ही एकच." खरी साइट उघडली, कचेरीवाली. ती चारला झोपली. परत उघडली. मेजरांची फाइल मात्र बघण्यासारखी, एकेक कागद नंबर घालून लावलेला, माजी सैनिकाच्या पाल्याचं सर्टिफिकेट सगळ्यात वर. फोटो मोठा झाला, लहान केला. सही लहान झाली, परत घेतली. ओटीपी त्यांच्या फोनवर यायचा आणि ते वायरलेसवर बोलल्यासारखा एकेक आकडा हिंदीत सांगायचे, दोनदा. "छह. तीन. फिर से बोलतो, छह. तीन." मला मध्येच हसू आलं, त्यांना नाही.

पाचला सात मिनिटं कमी असताना अर्ज क्रमांक आला. मुलगी मटकन खाली बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडली. मी प्रिंट काढली, मेजरांच्या हातात दिली आणि वर ऐकवलं, "आता हे बघा, याला म्हणतात फॉर्म." त्यांनी मान हलवली. "लय उपकार झालं, भाभी." आणि गेले.

तो जुना कागद काउंटरवरच राहिला होता. टाकून द्यावा म्हणून उचलला आणि कोपरा बोटाला लागला. लागला म्हणजे काय, लागलाच नाही. गोल होता. चारी कोपरे गोल.

मी खुर्चीत बसले. मोबाईल काढला, दुकानाच्या नंबरवर मेजरांचा मेसेज शोधला. तीन आठवड्यांपूर्वीचा होता. त्या पानाचा फोटो, खाली लिहिलेलं, 'भाभी हे बरोबर हाय का बघा मग प्रिंट आनी लॅमिनेशन करा.' आणि त्याखाली माझं उत्तर. वर केलेला अंगठा.

मी बघितलंच नव्हतं. गर्दीत आला मेसेज, टाकला अंगठा, काढली प्रिंट, घातला मशीनमध्ये, कापले कोपरे. कोपरे मात्र अगदी मन लावून कापलेले. त्या बातमीवाल्या साइटनं तर आपलं काम चोख केलेलं, बातमी दिली, शेवटच्या दिवशी आठवणसुद्धा करून दिली. मेजरांनी विचारून घेतलेलं. जगाला शिकवत फिरणारी मी, मीच काय ते वाचलं नव्हतं. आणि वर त्या माणसाला चारचौघांत बोलले होते. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. जेवण गेलं नाही त्या दिवशी. फोन करावा म्हणून चार वेळा नंबर काढला आणि चारही वेळा ठेवून दिला.

महिना गेला, वर आणखी काही दिवस. एका सकाळी दुकान झाडत होते, तर मेजर दारात. इस्त्रीचा शर्ट, हातात पाकीट. मी झाडू टाकला आणि त्यांनी काही बोलायच्या आत सांगून टाकलं. "मेजर, तो गाढव मीच होते. तुम्ही मला विचारलं होतं आणि मी न बघता अंगठा दिला. मला माफ करा."

"ठावं हाय की," ते म्हणाले.

"ठाऊक होतं? मग त्या दिवशी बोलला का नाही? मी एवढं टाकून बोलले तुम्हाला!"

"आवं भाभी, तवा दीड तास हुता हातात. तुमची चूक तुमाला दावली असती तर तुमी रडत बसला असता. मग फॉर्म कोनी भरायचा?" आणि जरा थांबून म्हणाले, "शिव्या काय, फौजेत लय खाल्ल्यात."

मला हसावं का रडावं कळेना. दोन्ही केलं.

त्यांनी पाकिटातून कागद काढला आणि काउंटरवर सरळ करून ठेवला. सांगलीच्या कॉलेजचं पत्र. खाली शिक्का, सही. मी सवयीनं मशीन चालू करायला हात पुढं केला, तर त्यांनी कागदावर तळहात ठेवला.

"लॅमिनेशन करायचं हाय. पन आदी वाचा."

मी वाचायला लागले. मोठ्यानं, पहिल्या ओळीपासून. मुलीच्या नावापाशी आले आणि अडखळले. मेजर ताठ उभे होते, नजर समोरच्या भिंतीवर. म्हणाले, "फिर से."